काठावरची माणसं

जाईबाई चित्रासमोरच्या बाकावर बसल्या, त्या उठेचनात.

मीराला वाटलं होतं, आजी थोड्याच वेळात कंटाळेल, पाय दुखतात म्हणेल. मग तिला खाली कॅफेटेरियात बसवून आपल्याला मोकळेपणी हिंडता येईल. समर स्कूलच्या आर्ट क्लाससाठी तिला म्युझियममधल्या कुठल्याही एका चित्रावर दोन पानं लिहायची होती. मम्मीची फार्मसीत ड्यूटी, डॅडी ऑफिसमध्ये. शॉमबर्ग उपनगरातल्या घरात आजीला एकटीला ठेवण्यापेक्षा मीरानं तिला सोबत ट्रेनमध्ये बसवलं आणि शिकागोला आणलं. दादाराव आजोबा गेल्यावर आजी नागपूरहून इकडे आली, त्याला तीन वर्षं होत आली होती. या तीन वर्षांत ती ग्रोसरी, डॉक्टर आणि मंडळाची बुद्धजयंती यांपलीकडे कुठे गेलीच नव्हती.

आणि आता ती इथं बसली होती. पांढरं नऊवारी, त्यावर मीराचा जुना जांभळा स्वेटर, पायांत स्नीकर्स. दोन्ही हात मांडीवर, आणि हातांत काहीही काम नाही.

चित्र जवळजवळ भिंतभर होतं. नदीचा काठ, हिरवंगार गवत, उन्हाळ्यातली सुट्टीची दुपार. छत्र्या घेतलेल्या बायका, उंच काळ्या टोप्यांचे पुरुष, पाण्यात शिडाच्या होड्या. जवळ जाऊन पाहिलं की यातलं काहीच नसायचं, नुसते ठिपके. निळ्याशेजारी नारिंगी, हिरव्याशेजारी पिवळा. मागं सरकलं की त्याच ठिपक्यांचं ऊन व्हायचं, सावली व्हायची, पाणी व्हायचं.

"हे सगळं ठिपक्यांनी भरलं त्यानं?" जाईबाईंनी विचारलं.

"हो आजी. डॉट्स. खूप वर्क आहे त्यात."

"म्हणजे रांगोळीचे ठिपके काढले आणि जोडायचे राहूनच गेले." त्या हसल्या. मग पुढं वाकल्या. "बाप्पा! त्या बाईनं माकड आणलं फिरायले!"

शेजारी उभं असलेलं एक जोडपं वळून पाहू लागलं. मीरा लाजली, आणि मग तिलाही हसू आलं.

"आमची टीचर म्हणते, इट्स अ सॅड पेंटिंग," ती म्हणाली. "बघ ना, एवढे लोक आहेत, पण कुणी कुणाशी बोलत नाही. कुणी कुणाकडे बघत पण नाही. एव्हरीबडी इज लोनली. मी तेच लिहिणार आहे."

 जाईबाई बोटानं दाखवत म्हणाल्या, "हा पाह्य, खाली आडवा पडला आहे, बिनबाह्यांच्या सदऱ्यातला. हा मजूर दिसतो. आणि त्याच्या मागं बसलेला हा टोपीवाला, काठीवाला, हा साहेब. एकाच गवतावर आहेत दोघं. साहेब त्याले ऊठ म्हणत नाही. तो पण साहेबाले पाहून उठत नाही."

"सो?"

"कोणी कोणाकडे पाहत नाही, हेच तर चांगलं आहे पोरी. याच्यात सॅड काय आहे?"

मीरानं चित्राकडे पाहिलं. मग आजीकडे. आजीचा चेहरा तिनं कधीच असा पाहिला नव्हता, सैल, जरासा झोपाळलेला, दुपारी उन्हात वाळत घातलेल्या कपड्यासारखा.

"एकच कमी आहे," जाईबाई म्हणाल्या. "एवढं पाणी, आणि पाण्यात उतरलेला एक माणूस नाही."

परतीच्या ट्रेनमध्ये त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मधेच म्हणाल्या, "परवा आपण विस्कॉन्सिनच्या तळ्यावर जातो म्हणे. तिथं पाण्यात उतरू देतात?"

"आजी, इट्स अ लेक. ऑफ कोर्स."

"कोणालेही?"

"एनीबडी," मीरा म्हणाली. आजी हे का विचारते आहे, असा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही.

*

तळ्यावरची कॉटेज मीराच्या डॅडींनी, राजीवनं, भाड्यानं घेतली होती, अठ्ठ्याण्णव सालच्या चार जुलैची सुट्टी जोडून. पुढं जाळीचा व्हरांडा, मागं तळ्याकडे गवताचा उतार, आणि उताराच्या टोकाला पाण्यात शिरलेला लाकडी धक्का. तळ्याच्या मधोमध पोहणाऱ्यांसाठी एक लाकडी तराफा साखळीनं बांधून ठेवला होता. शेजारच्या धक्क्यांवर झेंडे लावले होते. सकाळच्या वाऱ्यात ते हलत होते, आणि पाण्यातही हलत होते.

सगळे एकत्र जमावेत, निवांत बसावं, असं राजीव म्हणाला होता. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. डॅलसहून त्याची धाकटी बहीण प्रतिमा आली होती, सातवा महिना लागलेली. तिच्या नवऱ्याला, अतुलला, सुट्टी मिळाली नव्हती. ती दादाशी आईबद्दल बोलायला आली होती.

आणि त्याच्याही आतलं कारण फक्त प्रतिमाला आणि राजीवच्या बायकोला, सुलेखाला, माहीत होतं.

महिन्यापूर्वी फोन सुलेखानंच केला होता. फार्मसीच्या मागच्या खोलीतून, लंच ब्रेकमध्ये. "प्रतिमा, तुला बाळासाठी कुणीतरी लागेलच ना? आईंना घेऊन जा तू. दादाला तू विचार, मी विचारलं असं नको." बोलताना तिचा आवाज इतका हळू होता की प्रतिमाला दोनदा विचारावं लागलं.

सासूबद्दल तक्रार करावी असं काहीच नव्हतं, आणि हीच तक्रार होती. कामावरून घरी यावं तर पोळ्या झालेल्या, भांडी घासलेली, मीराचे कपडे घड्या घालून ठेवलेले. आई सोफ्याच्या कडेला टेकल्यासारख्या बसलेल्या, कुणी हाक मारली की उठायला तयार. मसाल्याचे डबेसुद्धा आता त्यांच्या हाताच्या सवयीनं लागलेले. आपल्याच घरात पाहुणी आल्यासारखं सुलेखाला वाटायचं. आणि कुणाला सांगायचं तर ते लोक म्हणणार, नशीबवान आहेस.

आजही, सुट्टीच्या सकाळी, आई आतल्या त्या परक्या स्टोव्हवर पोळ्या लाटत होत्या. व्हरांड्यात बहीणभाऊ बोलत होते. मधे फक्त जाळीचं दार होतं.

"तीन वर्षं तुझ्याकडे राहिली," प्रतिमा म्हणाली. "आता माझी टर्न आहे."

"आई म्हणजे काय कार आहे का, टर्न लावायला?" राजीवनं कॉफीचा मग खाली ठेवला. "तिचं ग्रीन कार्ड मी केलंय. डॉक्टर इथं सेट आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. आणि बाबांना मी शब्द दिला होता, तिला सांभाळीन म्हणून."

"सांभाळतोस म्हणजे काय करतोस? दिवसभर ती घरात एकटी असते. तिला बोलायला कोण आहे?"

"आणि तुझ्याकडे कोण असणार आहे? तू हॉस्पिटलमध्ये, अतुल ऑफिसमध्ये. सरळ सांग ना, तुला बेबीसिटर पाहिजे."

प्रतिमाचा चेहरा लाल झाला. "माझं पहिलं मूल आहे, दादा. या वयात. मला माझी आई पाहिजे, यात काय चुकलं?"

"चुकलं असं मी म्हणत नाही. पण तिला तिकडे नेऊन—"

"वहिनीचं पण हेच म्हणणं आहे!" प्रतिमा बोलून गेली.

राजीवनं सुलेखाकडे पाहिलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता पाहत राहिला, ऑफिसमध्ये एखादं मशीन कारण नसताना बंद पडावं आणि तो त्याच्याकडे पाहत राहावा, तसा.

"तू फोन केलास?"

"केला," सुलेखा म्हणाली.

"मला न सांगता?"

तिला पुष्कळ सांगायचं होतं. पण तिचं लक्ष जाळीच्या दाराकडे गेलं. लाटण्याचा आवाज केव्हाचा थांबला होता. आणि अचानक तिला कळलं, की तिघंही एका माणसाबद्दल बोलतायत आणि ते माणूस हाकेच्या अंतरावर कणीक हातात घेऊन उभं आहे. 

"आपल्यापैकी कुणी आईंना विचारलंय का?" ती म्हणाली. "मी पण नाही विचारलं. राजीव, तू शब्द बाबांना दिलास. ग्रीन कार्डचं ठरलं तेव्हा त्यांना विचारलं होतंस?"

"विचारायचं काय त्यात? ती काय नको म्हणणार होती?"

"तेच म्हणते मी. त्या नको म्हणत नाहीत, म्हणून आपण विचारत नाही."

ती उठून आत गेली. स्टोव्ह बंद होता. पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी होती. तळ्याकडचं मागचं दार सताड उघडं होतं.

"आई?" तिनं हाक मारली.

गवताच्या उतारावर कुणी नव्हतं. धक्क्याच्या टोकाला स्नीकर्सचा जोड शेजारी शेजारी ठेवलेला होता, देवळाबाहेर ठेवावा तसा नीट. त्याच्यापुढं नुसतं पाणी होतं.

*

राजीव धावत पाण्यात शिरला. पाणी कमरेला लागलं तसा त्याला पाय पुढं टाकवेना. बेचाळीस वर्षांचा माणूस, पाण्यात उभा राहून "आई! आई!" ओरडत होता.

लहानपणी एकदा शाळेतल्या मित्रांबरोबर तो अंबाझरी तलावावर गेला होता. घरी आला तेव्हा केस ओले होते. आईनं काही विचारलं नाही. हाताला लागलं ते लाकूड घेऊन तिनं त्याला इतकं मारलं, की फॅक्टरीतून आलेल्या बाबांनी तिचा हात धरला. त्या आधी आणि त्या नंतर आईनं त्याच्यावर कधी हात उगारला नाही. पाणी म्हटलं की अजूनही त्याच्या पाठीवर काहीतरी उमटायचं. आई पाण्याला घाबरते, हे त्यानं तेव्हाच धरून ठेवलं होतं, आणि आपणही घाबरायला शिकला होता.

"डॅडी!" मीरा धक्क्यावरून ओरडली. "डॅडी, देअर! लुक!"

त्यानं पाहिलं.

काठापासून लांब, सकाळच्या चमचमत्या पाण्यात, एक पांढरं डोकं शांतपणे पुढं सरकत होतं. हात पाण्याबाहेर येत होते, परत आत जात होते. घाई नव्हती, धडपड नव्हती. नऊवारीचा कासोटा घट्ट खोचलेला होता, आणि सुटलेला पदर मागं पाण्यावर तरंगत येत होता.

"आई पोहतेय," प्रतिमा म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, भीतीला जागाच उरली नव्हती. "दादा, आईला पोहता येतं?"

त्याला माहीत नव्हतं. दोन्ही मुलांना माहीत नव्हतं.

मीरानं शूज काढले आणि सूर मारला. हायस्कूलमध्ये पोहणं सक्तीचं होतं, म्हणून तिला येत होतं. त्या वर्गासाठीसुद्धा राजीवनं शाळेत भांडून पाहिलं होतं.

शेजारच्या धक्क्यावरची माणसं उठून उभी राहिली होती. कुणीतरी बोट दाखवत होतं. साडी नेसून पोहणारी म्हातारी त्यांनी कधी पाहिली नसणार. राजीवला ते सगळं आपल्या पाठीत टोचल्यासारखं जाणवलं.

"लोक बघतायत," तो पुटपुटला.

"बघू देत," सुलेखा मागून म्हणाली. ती गुडघाभर पाण्यात उभी होती, पँट भिजवत, आणि रडत होती की हसत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

शेजारच्या कॉटेजमधली लाल टोपी घातलेली एक गोरी म्हातारी आपली छोटी होडी वल्हवत जवळ आली. "तुमची आई?" तिनं इंग्रजीत विचारलं. "फार सुंदर पोहते. मी सकाळपासून एकटीच आहे, तुम्हाला तिथं सोडू का?"

तिनं एक नारिंगी लाइफ जॅकेट पुढं केलं. राजीवनं ते घातलं, सगळे पट्टे दोनदा ओढून पाहिले, आणि होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसला.

*

धक्क्यावर दोघीच उरल्या, प्रतिमा आणि सुलेखा. प्रतिमानं पाय पाण्यात सोडले होते. पाणी वर गार होतं, आणि खाली आणखी गार.

"वहिनी, मी तुझं नाव घ्यायला नको होतं."

"घेतलंस ते बरं झालं. मी आयुष्यभर घेतलं नसतं."

"तुला त्या नकोशा झाल्यात का? खरं सांग."

सुलेखानं विचार केला. "त्या नाही गं. त्यांचं ते सतत उभं राहणं. मला वाटायचं, त्या बसल्या तर मी पण बसेन. त्या बसायच्याच नाहीत."

प्रतिमानं तराफ्याकडे पाहिलं. मीरा वर चढली होती आणि आजीला हात देत होती. आजीनं हात घेतला नाही. तिनं दोन्ही तळवे फळ्यांवर टेकले आणि स्वतःच अंग वर ओढून घेतलं. मग ती बसली. पाय पसरून, हात मागं टेकून, तोंड वर करून.

"बसली बघ," प्रतिमा म्हणाली.

पोटातल्या बाळानं कूस बदलली. प्रतिमानं वहिनीचा हात ओढून तिथं ठेवला.  कुणाच्या तरी रेडिओवर गाणं लागलं होतं, शब्द कळत नव्हते. पाण्यावर ऊन इतकं बारीक बारीक फुटत होतं, की समोरचा काठ, झाडं, तराफ्यावरची ती पांढरी आकृती, सगळंच हलकं झाल्यासारखं वाटत होतं, हात लावला तर विरघळेल असं.

*

राजीव तराफ्यावर आला तो चारी पायांवर. मीरा हसली. जाईबाईही हसल्या. त्यांच्या केसांतून पाणी गळत होतं. ओल्या लुगड्यात त्या लहान दिसत होत्या, एखाद्या मुलीसारख्या.

"किती घाबरवलंस आई," तो म्हणाला. "हार्ट बंद पडलं असतं माझं."

"मी कुठं तुले बोलावलं? तूच आला."

"तुला पोहता येतं हे कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं?"

 तराफा हळूहळू डोलत होता. मीरा पोटावर झोपली होती, हाताची बोटं पाण्यात बुडवून.

"शंकरनं शिकवलं," जाईबाई म्हणाल्या. "माझा मोठा भाऊ."

आईला एक भाऊ होता आणि तो लहानपणी वारला, एवढंच राजीवला ठाऊक होतं. कशानं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

"भंडाऱ्याकडं आमच्या गावाले मोठा तलाव होता, मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा. आपल्या लोकांनी त्याले हात लावायचा नाही. सांडव्याच्या खाली, जिथं ढोरं बसत, तिथलं पाणी आपलं. पण शेताकडं एक बोडी होती, पावसाचं पाणी साचायचं तिच्यात, लहानसं तळंच. शंकरनं मले तिथं शिकवलं. पोटाखाली हात धरे आणि म्हणे, हात मार, पाय मार. त्याच्याइतकं चांगलं कोणी पोहत नव्हतं."

 आवाजात चढउतार नव्हता. दूरचं काहीतरी दिसत असावं आणि ते नुसतं वाचून दाखवावं, तशा बोलत होत्या.

"एका उन्हाळ्यात बोडी आटली. शंकर म्हणे, चल, मोठ्या तलावावर जाऊ, भर दुपारी कोणी नसते. मले पळसाखाली बसवलं. म्हणे, मी आधी पाहून घेतो. आणि गेला. पार मधोमध गेला. तिथं उताणा पडून तरंगत होता. मले हात केला त्यानं. इतका खूश होता."

"देन?" मीरानं मान वर केली.

"मग लोक आले. कोणी पाण्यात उतरलं नाही. पाणी बाटलं म्हणे, आता कसे उतरतील? काठावर उभे राहिले, चारही बाजूंनी. तो या काठाले आला की इथून दगड. त्या काठाले गेला की तिथून दगड. ऊन कलंडेपर्यंत पोहला तो. त्याले पोहता येत नव्हतं म्हणून नाही बुडाला माझा भाऊ." त्यांनी ओल्या पदरानं तोंड पुसलं. "थकला."

 एक पक्षी पाण्यावरून खालून खालून उडत गेला.

मीरा उठून आजीला चिकटून बसली. सगळे शब्द तिला कळले नव्हते. पण कळायचं ते कळलं होतं.

"बाबांना माहीत होतं?" राजीवनं विचारलं.

"त्याले सांगितलं होतं. छप्पन साली, दीक्षाभूमीवरून आलो त्या दिवशी. तू पाळण्यात झोपला होता. मग आठ-दहा वर्षांनी तू अंबाझरीवरून ओले केस घेऊन आला. माझं डोकं जागेवर नाही राहिलं."

"मला वाटायचं, तुला पाण्याची भीती वाटते."

"पाण्याची?" जाईबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "मले पाण्याची भीती कधीच नव्हती रे. काठावरच्या माणसांची होती."

राजीवनं काठाकडे पाहिलं. मघाशी उठून उभे राहिलेले लोक परत आपापल्या खुर्च्यांवर बसले होते. एकजण ग्रिल पेटवत होता. लाल टोपीवाली म्हातारी वल्ही मारत दुसरीकडे निघाली होती. पोरं एकमेकांवर पाणी उडवत होती. तराफ्याकडे कुणीही पाहत नव्हतं. आणि मग त्याच्या मनात आलं, की घरात आपणही या तीन वर्षांत आईकडे पाहिलं ते असंच, न पाहता. ते काही चांगलं नव्हतं. दोन्ही न पाहण्यांत फरक होता, आणि तो फरक त्याला आज पहिल्यांदा दिसला.

"आई," तो म्हणाला. "तुला कुठं राहायचंय?"

"हे तू आज विचारतो."

"आज विचारतो."

 जाईबाईंचा विचार केव्हाच झाला असावा. फक्त तो मोठ्यानं बोलायची सवय नव्हती.

"प्रतिमाच्या बाळंतपणाले जाईन. सव्वा महिना होऊ दे पोराचा, मालिश करीन, आंघोळी घालीन. मग नागपूरले जाईन. माझ्या घरी. आपल्या वस्तीत पोरींची शाळा सुटली की पोरी नुसत्या फिरतात. महानगरपालिकेनं नवा तलाव बांधला आहे पोहायचा, तिथं त्यांच्यातली एक जात नाही. लाजतात. मी जाईन त्यांच्यासंगं."

"पोहायला शिकवणार? तू?"

"काऊन? शंकरले कोणी सर्टिफिकेट दिलं होतं?"

मीरा खळखळून हसली.

"आणि ग्रीन कार्ड?" राजीवनं विचारलं. तीन वर्षं त्यानं ज्या गोष्टीसाठी धावपळ केली, ती आईला कधी नकोच होती. त्याला दुखलं. पण भांडावंसं वाटलं नाही.

"उन्हाळ्यात येईन ना. तुझ्याकडं. इथं तळ्यावर येऊ." त्यांनी पदर पिळला. "पोळ्या करायले नाही. सुलेखाले सांग, तिचं घर तिनं लावावं. मले वाटे, बसून राहिली तर म्हणतील म्हातारी फुकट खाते. म्हणून करत राहिली. ती पण बिचारी थकली असेल मले पाहून पाहून."

*

परत जायला होडी आली नाही. मग मीरानं एका बाजूनं आणि जाईबाईंनी दुसऱ्या बाजूनं राजीवच्या जॅकेटचे पट्टे धरले आणि दोघींनी त्याला काठाकडे ओढत आणलं. तो डोळे मिटून होता. धक्क्यावर प्रतिमा पोट धरून हसत होती.

जाईबाई पाण्यातूनच तिला म्हणाल्या, "येतो तुझ्याकडं. बाळंतपणाले. पण राहायले नाही." प्रतिमाचं हसू थांबलं. तिनं दादाकडे पाहिलं. दादानं मान हलवली, आणि त्या मान हलवण्यातच तिला कळलं, की आपण दोघंही हरलो आहोत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, मला एकटीला नाही जमणार," ती म्हणाली. "जमते," जाईबाई म्हणाल्या. "मले पण जमलं होतं. आणि सव्वा महिना म्हणजे काही कमी नाही." त्यांनी ओला हात वर करून तिच्या पावलावर ठेवला. तो तिथंच राहू दिला.

सुलेखा टॉवेल घेऊन आली. सासू-सुनेनं एकमेकींकडे पाहिलं. "फोनचं मी ऐकलं," जाईबाई म्हणाल्या. सुलेखानं खाली मान घातली. "आई, माझं—" "राहू दे. घरी गेल्यावर तुझे डबे तुझ्या जागेवर लाव. मले पण सापडत नाहीत कधीकधी." मग त्यांनी टॉवेल परत तिच्याच हातात दिला. "आत्ता नाही निघत मी. अजून काम आहे."

त्या राजीवकडे वळल्या. तो छातीभर पाण्यात उभा होता.

"काढ ते," त्या जॅकेटकडे बोट दाखवत म्हणाल्या.

"आई, नको. या वयात कुठं."

"मी त्रेसष्ट वर्षांची आहे. तू कोणत्या वयाच्या गोष्टी करतो?"

पट्टे सोडायला त्याला वेळ लागला.  नारिंगी जॅकेट पाण्यावर तरंगत दूर गेलं, आणि कुणी त्याच्यामागं गेलं नाही.

"मान मागं टाक. कान बुडू दे. पोट वर. श्वास धरू नको, घेत राह्य."

आईचा तळवा त्याच्या पाठीखाली आला. चाळीस वर्षांत या हातानं त्याला असं धरलं नव्हतं. आधी पाय बुडाले, नाकात पाणी गेलं, तो खोकत उभा राहिला. पुन्हा झोपला. पुन्हा उभा राहिला. काठावरून कुणीतरी काहीतरी म्हणालं. तिसऱ्यांदा त्यानं मान मागं टाकली आणि कान पाण्यात गेले, तसे सगळे आवाज एकदम थांबले. प्रतिमाचा, मीराचा, रेडिओचा. स्वतःचा श्वास तेवढा उरला, मोठा, सावकाश. वर नुसतं आभाळ होतं. एका कडेला आईचा चेहरा होता. ओले केस, हनुवटीवरून ओघळणारं पाणी. तिचे ओठ हलत होते, ती काहीतरी सांगत होती, पण ऐकू येत नव्हतं.

पाण्यानं त्याला धरलं होतं. तो हलका होता, कुणाचाच थोरला नव्हता, कुणाला शब्द दिलेला नव्हता. पाठीखाली आईचा हात अजून आहे की तिनं तो काढून घेतला आहे, हे त्याला कळेना. त्यानं विचारलं नाही.